बेलभंडार आणि महाएपिसोड

सासूनं दुधाच्या ग्लासात पुडी रिकामी केली तसा एमेका सोफ्यावरनं उठून उभा राहिला.

"आक्का, ती पिणार," तो म्हणाला. "सूनबाई पिणार. तिला काहीच समजत नाही."

"बस रे खाली," आमची आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "शुक्रवारी कोण मरत नसतंय. मरायचंच असलं तर उद्या महाएपिसोडला मरंल."

एमेका बसला. सोफा करकरला. मी जेवणाच्या ताटावर बसून हा तमाशा बघत होतो. परवा फायनल, अख्ख्या पेठेचं काळीज ज्याच्या डाव्या पायावर ठेवलेलं, तो आमचा सेंटर फॉरवर्ड नाक ओढत होता, आणि आई त्याला स्वतःचा पदर पुढं करत होती.

कोल्हापूरच्या बाहेरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. आमच्याकडं पेठ तिथं तालीम आणि तालीम तिथं फुटबॉलची टीम. तालमीत कुस्त्या कधीच्या बंद पडल्या, लाल मातीत आता खुर्च्या आणि झेंडे ठेवतात, पण फुटबॉलसाठी माणूस माणसाचं डोकं फोडायला तयार असतो. आमची म्हसोबा तालीम. समोरची रणवीर तालीम. मधे एक रस्ता, एवढासा की रिक्षा आडवी लावली तर बंद व्हावा. फायनलच्या आठवड्यात तो रस्ता ओलांडणारा माणूस गद्दार. दुधाचा रतीब पलीकडं असला तरी तो आठवडाभर बंद ठेवायचा आणि काळा चहा प्यायचा, पण ओलांडायचं नाही. शिकलेसवरलेले लोक हे पाळायचे. मी स्वतः बँकेत होतो आणि पाळायचो.

त्या काळात तालमी सीझनपुरते परदेशी खेळाडू आणायच्या. एमेका असाच आला, नायजेरियातनं व्हाया कलकत्ता. आमचे सेक्रेटरी सर्जेराव इंगवले, म्हणजे सर्जेदादा, यांनी त्याला तालमीच्या माडीवर ठेवला आणि पहिल्याच दिवशी 'आपला पाहुणचार बघ' म्हणून तांबडा रस्सा वाट्या भरभरून पाजला. पोरगं दुसऱ्या दिवशी उठलंच नाही. आमचं घर तालमीच्या मागंच. आक्का भाताची पेज घेऊन गेली, त्याची अवस्था बघितली आणि सर्जेदादांना म्हणाली, "हा मी न्हेतो घरला. तुमच्या हातात ऱ्हायला तर सीझन न्हाई बघायचा." आक्का म्हणजे आमची आई. सगळी पेठ तिला आक्का म्हणायची, मीही तेच म्हणायचो.

तेव्हापासनं एमेका आमच्याकडं. मला तो फुटबॉलचं काही शिकवेल अशी माझी फार आशा होती. इंग्लंडमधल्या एका क्लबचा मी मोठा भक्त. 'शनिवारी आम्ही हरलो' असं मी बँकेत तोंड पाडून सांगायचो, आणि त्या गावाचं नाव मला धड उच्चारता यायचं नाही. पण एमेकाला त्यात काडीचा रस नव्हता. "दिवसभर तेच करतो, घरी परत तेच कशाला बघू?" म्हणायचा, आणि आठच्या ठोक्याला आक्काशेजारी मालिका बघायला बसायचा.

"रोज तेच तेच काय बघता गं?" मी एकदा वैतागून म्हणालो होतो.

"तुझ्यात तरी काय येगळं असतंय?" आक्का म्हणाली. "बावीस बाप्ये दीड तास पळत्यात आणि शेवटी शून्य-शून्य. माझ्यात रोज कुणीतरी निदान रडतंय तरी."

मैदानात रडणारे आणि मालिकेत रडणारे यांत मला आता फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडं कॅमेरा जवळ आला की रडं वाढतं.

एमेका मराठी शिकला तो त्या मालिकेतनं. त्यामुळं पोरगं बोलायचं ते थेट चौसोपी घरातल्या सुनेसारखं. सेमीफायनलला पंचांनी त्याच्यावर चुकीचा ऑफसाइड दिला, तर हा त्यांच्यापुढं जाऊन हात जोडून म्हणाला, "तुम्ही माझ्याशी असं का वागलात? मी तुम्हाला काय कमी केलं होतं?" पंच इतके कानकोंडे झाले की बाहेर काढलेलं कार्ड त्यांनी परत खिशात घातलं. स्टेडियम हसून लोळायचं बाकी राहिलं.

पण माणूस हसण्यावारी न्यायचा नव्हता. त्याला गोव्यातल्या एका प्रोफेशनल क्लबनं ट्रायलला बोलावलं होतं. फायनल रविवारी, ट्रायल मंगळवारी सकाळी. आमच्या तालमीत खेळणं वेगळं आणि तिथं खेळणं वेगळं. तिथं करार असतो, डॉक्टर असतो, टीव्हीवर मॅच दाखवतात. त्याच्या घरी, नायजेरियात, म्हातारी आई आणि धाकट्या बहिणी होत्या, आणि वय निघून चाललं होतं. "विश्वजित, ही शेवटची," तो मला म्हणाला होता. "यानंतर कोण बोलावणार?" रविवारी रात्रीच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. अडचण एकच. त्याचा पासपोर्ट सर्जेदादांच्या कपाटात होता. आदल्या वर्षी एक परदेशी खेळाडू ऐन सीझनमध्ये दुसऱ्या तालमीत पळाला, तेव्हापासनं सर्जेदादा पासपोर्ट 'जपून' ठेवायचे. "फायनल झाली की तुझा तुला," असा त्यांनी शब्द दिला होता.

शनिवारी आमच्या पोरांनी पराक्रम केला. गल्लीच्या तोंडावर, दोन इमारतींच्या मधे, म्हसोबा तालमीचा एवढा मोठा झेंडा बांधायचा घाट घातला की खालून जाणाऱ्या रणवीरवाल्यांच्या डोक्याला तो लागला पाहिजे. बांबू वर चढवताना केबलची मेन वायर तुटली. संध्याकाळी अख्ख्या पेठेचे टीव्ही बंद. मोबाईलवर मालिका बघायचे दिवस अजून यायचे होते, आणि घरावर डिश बसवलेली कुणाचीच नव्हती, कारण केबलवाला तालमीचा मेंबर आणि डिश बसवणं म्हणजे तालमीशी बेइमानी. तोच केबलवाला झेंड्याचा बांबू धरून उभा होता. वायर मंगळवारशिवाय जोडली जाणार नाही, असं त्यानं वरूनच जाहीर केलं.

बायका गॅलऱ्यांत येऊन उभ्या राहिल्या. महाएपिसोडचा दिवस. सूनबाईनं दूध प्यायलं की नाही, कुणालाच कळणार नव्हतं. त्यांनी झेंड्याला, बांबूला आणि बांबू धरणाऱ्यांच्या आईबापांना जे काही सुनावलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

मी झेंड्याच्या गडबडीत होतो. आक्कानं मला हाक मारली, "मी एमेकाला घिऊन अंबाबाईच्या पाया पडून येतो." आमच्याकडं बायका अशाच बोलतात. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रणवीरशी फायनल झाली. एक-एक बरोबरी, मग टायब्रेकर. शेवटची पेनल्टी एमेकाची. त्यानं ती आडव्या बारवरनं अशी उडवली की चेंडू थेट प्रेक्षकांत गेला, आणि कप रणवीरकडं.

इथं मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपातले नावाजलेले खेळाडू मोठ्या मॅचला पेनल्टी चुकवतात तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर मान डोलावून म्हणतो, 'प्रेशर असतं हो.' किती समजूतदार असतो आम्ही तेव्हा. एमेकानं चुकवली आणि पुढच्या क्षणाला माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "फुटला." त्याच्या पलीकडचा म्हणाला, "मला पहिल्यापासनंच डाउट होता." सकाळी याच दोघांनी त्याच्या बुटाला नारळ वाढवला होता.

अंधार पडायच्या आत तालमीत बैठक बसली. म्हसोबाच्या पुढं जाजम अंथरलेलं. मधे एमेका, अजून अंगात जर्सी, गुडघ्याला माती. एका बाजूला सर्जेदादा, दुसऱ्या बाजूला गणपा वस्ताद. वस्ताद म्हणजे तालमीतला शेवटचा खरा पैलवान, कान मोडलेले, शब्दाला वजन असलेला माणूस. भोवती आम्ही पन्नासेक जण, सगळेच न्यायाधीश.

"शनिवारी रातचं ह्याला शामराव साळोख्याच्या घरातनं बाहेर पडताना बघितलंय," सर्जेदादा म्हणाले.

जाजमावरचे सगळे एकदम कुजबुजायला लागले. शामराव साळोखे म्हणजे रणवीर तालमीचा अध्यक्ष. आणि माझा सख्खा मामा.

मामाचं आणि आमचं बोलणं नव्हतं. बाबा गेले त्या वर्षी रणवीरनं कप जिंकला, आणि मामानं विजयाची मिरवणूक आमच्या दारावरनं नेली. घरात सुतक, आणि दारात हलगी आणि गुलाल. आक्का दारात आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आजपासनं मला माहेर न्हाई." तेव्हापासनं ती तो रस्ता ओलांडत नव्हती. तिच्या या बाण्याचं आमच्या पेठेत फार कौतुक होतं. नव्या सुनांना तिचं उदाहरण द्यायचे.

"कुणी बघितलं?" मी विचारलं.

"बघितलं एकानं. नाव कशाला पायजे तुला?"

"दादा, पेनल्टी कुणाचीही चुकते. परवा टीव्हीवर—"

"तू गप रे. टीव्हीवरचा फुटबॉल बघणाऱ्यानं तालमीत तोंड घालायचं न्हाई."

लोक हसले. सर्जेदादांनी हात केला तसं कुणीतरी तबक आणून एमेकापुढं ठेवलं. बेलाची पानं, त्यावर भंडारा. बेलभंडार उचलून खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं, अशी आमच्याकडं पक्की श्रद्धा. गेल्या कित्येक वर्षांत तालमीत कुणाला उचलायला लावला नव्हता.

"हे उचल आणि म्हसोबाच्या देखत सांग, शनिवारी कुठं हुतास आणि कशाला गेला हुतास," सर्जेदादा म्हणाले. "खरं बोललास तर पासपोर्ट घे आणि जा. न्हाईतर उद्या सकाळी मी पासपोर्ट पोलिसांत देतो. फॉरेनचा माणूस हाय, होऊ दे चौकशी. दोन आठवडे लागू देत न्हाईतर चार."

दोन आठवडे म्हणजे ट्रायल गेली. हे सर्जेदादांना ठाऊक होतं. एमेकालाही कळलं. त्यानं तबकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खाली.

"मी खेळलो," तो म्हणाला. "चूक झाली. पण शनिवारचं मी सांगू शकत नाही. मी कुणालातरी वचन दिलं आहे."

"बघा," सर्जेदादा म्हणाले. "आणि काय पुरावा पायजे?"

तेवढ्यात मागं गडबड झाली. आमच्या तालमीत बायका उंबऱ्याच्या आत येत नाहीत. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण येत नाहीत. आक्का उंबऱ्यावर उभी होती, हाताला कणीक लागलेली. पोराला गाडीत खायला धपाटी करत होती ती, आणि गल्लीतल्या कुणीतरी तिला इथलं सगळं सांगितलं होतं. तिनं चपला काढल्या आणि सरळ आत आली.

"ह्यो सांगणार न्हाई," ती म्हणाली. "मी शपथ घातलीया त्याला. मीच न्हेलतं त्याला शामरावकडं."

तिनं कणकेचे हात पदराला पुसले.

"केबल तोडून ठेवली तुमच्या पोरांनी. म्हटलं जाऊन महाएपिसोड बघून येऊ. हा म्हणाला, नको आक्का, लोक नावं ठेवतील. मीच म्हणालो, चल."

"मालिकेसाठी?" कुणीतरी विचारलं. "आक्का, मालिकेसाठी तुम्ही माहेरची आण मोडली?"

"मोडली." ती म्हणाली. "शामरावला मागच्या महिन्यात अटॅक येऊन गेला. मला पेठेतल्या एकानंबी सांगितलं न्हाई. बाजारात कळलं. भाऊ हाय माझा. तुमच्या तोंडासाठी किती वर्सं लांब ऱ्हायची मी? मालिकेचं निमित्त झालं. आता घाला मला वाळीत."

मला हे सगळं नवीनच होतं. आम्ही दोघं रोज एका ताटाला ताट लावून जेवत होतो, आणि तिला असं काही वाटत असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. सगळ्या पेठेनं टाळ्या वाजवून तिला त्या बाण्यात कोंडून ठेवलं होतं, त्यात मीही आलोच.

सर्जेदादा मात्र बधले नाहीत. "आक्का, तुमच्याबद्दल आदर हाय. पण आपल्या घरातल्या पाहुण्याला वाचवायला माणूस काय पण बोलतंय. मालिका बघितली कशावरनं?"

"विचारा की मग," आक्का म्हणाली. "सुनेनं दूध पिलंच न्हाई, मांजरानं पिलं. मग सासूनं तिजोरीच्या किल्ल्या घेतल्या आणि मागच्या विहिरीत टाकून दिल्या."

एमेकानं चमकून तिच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. आक्कानं डोळे असे वटारले की त्यानं ते परत मिटलं. मला वाटलं, म्हातारी घाबरलीय, गोंधळलीय.

"विहिरीत कुठं?" सर्जेदादा हातवारे करत म्हणाले. "हितंच सापडला तुम्ही. देवघरातल्या कलशात टाकल्या आणि वर नारळ ठेवला. विहिरीपाशी ती नुसती जाऊन उभी ऱ्हाती, तर मागनं मोठा दीर—"

ते थांबले. पण जरा उशीरच झाला होता.

"बरोबर," आक्का शांतपणे म्हणाली. "कलशातच टाकल्या. दादा, आपल्या पेठेत केबल न्हाई शनिवारपासनं. तुम्ही कुठं बघितलं?"

सर्जेदादा जाजमाची कड चाचपायला लागले.

"शामरावच्या समोरच तुमच्या साडूचं घर. बाहेर पडताना त्याच्या दारात तुमच्यासारखी बुलेट दिसली, मला वाटलं दुसऱ्या कुणाची असंल. साडू रणवीरचा खजिनदार न्हवं? आम्हाला बघणारा 'एक जण' कोण ते आत्ता कळलं मला."

"बायको मागं लागलीती," सर्जेदादा म्हणाले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. "म्हणाली बहिणीकडं सोडा. मालिकेपुरतं. म्हणून गेलतो."

"आम्हीबी त्यापुरतंच गेलतो."

सर्जेदादांनी शर्टाच्या आतल्या खिशातनं पासपोर्ट काढला. कपाटात नव्हताच तो, अंगावरच बाळगून होते. एमेकापुढं धरला. "घे. गैरसमज झाला. जा तुझ्या ट्रायलला."

एमेकानं तो घेतला नाही. तो खाली वाकला आणि न सांगता तबकातला बेलभंडार उचलला. हात पिवळा झाला.

"मी या तालमीला विकलं नाही," तो म्हणाला. त्याच्या त्या मालिकेतल्या मराठीत, सावकाश, एकेक शब्द जुळवत. "माझी पेनल्टी चुकली. मला त्याचं फार दुःख आहे."

मग बेलभंडार तबकात ठेवून त्यानं तबक उचललं आणि दोन्ही हातांनी सर्जेदादांपुढं धरलं. त्याचा चेहरा साधा होता. इथं प्रत्येकानं उचलायचा असतो, अशी त्याची खरोखरच समजूत झाली असावी.

सर्जेदादांनी हात पुढं केला नाही. ते इकडंतिकडं बघायला लागले. तबक तसंच हवेत राहिलं. आम्ही सगळे गणपा वस्तादांकडं बघायला लागलो, कारण अशा वेळी बोलायचा मान त्यांचाच.

वस्ताद उठले. एमेकाच्या हातातनं त्यांनी तबक हळूच काढून घेतलं, अगदी मायेनं, आणि म्हसोबाच्या मागं सरकवून ठेवलं.

"ऱ्हाऊ दे पोरा," ते म्हणाले. "आपल्याच माणसाला कसली शपथ घालायची?"

एमेका मराठी चांगलं शिकला होता. त्यातला आपला माणूस कोण, ते त्याला समजलं. त्यानं पासपोर्ट खिशात घातला, आक्काच्या चपला उंबऱ्याबाहेर नीट लावून ठेवल्या आणि ती पायात घालेपर्यंत तिच्याशेजारी उभा राहिला. मीही त्यांच्या मागनं बाहेर पडलो. आम्हाला कुणी थांबवलं नाही.

गोव्याच्या क्लबनं त्याला घेतलं. आक्काचं माहेर परत सुरू झालं. मी त्यानंतर तालमीत गेलो नाही, फुटबॉल घरी टीव्हीवर बघतो.

सर्जेदादा पुढच्या वर्षी तालमीचे अध्यक्ष झाले. बिनविरोध.